महिनाभाऊ

लाम्ब्रोस आणि झिसिस हे दोघे भाऊ एकाच रुग्णवाहिकेतून आले आणि येताना भांडत आले. दोघांनाही श्वास पुरत नव्हता, तरी भांडण चालूच होतं. टाकीत आधी कोण उतरलं, यावरून.

"मी म्हटलं होतं, ते पाणी हिरवं आहे," झिसिस खोकत म्हणाला.

"तू जन्मल्यापासून काही ना काही म्हणतोच आहेस." लाम्ब्रोस तपासायला आलेल्या डॉक्टरकडे वळला. "बाई, आधी ह्याला बघा. धाकटा आहे. हा मेला तर आई मला जिवंत ठेवायची नाही."

डॉक्टर एवान्थियाला हसू आलं. यानिना शहरातल्या, सरोवराकाठच्या त्या मोठ्या इस्पितळात, अतिदक्षता विभागात, तिची पंधरा वर्षं गेली होती. इथवर पोचलेली माणसं सहसा विनोद करत नाहीत.

दोघे त्झुमेर्का डोंगरातले मेंढपाळ. गावाखालच्या दरीत गरम पाण्याच्या झऱ्यावर एक जुनं स्नानगृह होतं, कित्येक वर्षं कुलूपबंद पडलेलं. ते पुन्हा उघडायचं ठरलं आणि तिथली टाकी साफ करायचं काम या दोघांनी घेतलं. दोन दिवस ते त्या अंधारात कोमट पाणी उपसत, भिंती घासत, वाफ श्वासात घेत उभे होते. अशा साचलेल्या कोमट पाण्यात एक जंतू राहतो. तो पोटातून जात नाही, तुषारांवर बसून फुप्फुसात उतरतो. आठवडाभरात क्ष-किरण चित्रात दोघांच्याही छात्या पांढऱ्या दिसायला लागल्या.

त्यांची आई हाइदो दुपारच्या बसने आली. काळा रुमाल, काळा झगा, पायात पुरुषांचे बूट. तिने मुलं कशी आहेत, हे आधी विचारलंच नाही. एवान्थियाचं मनगट धरून ती म्हणाली, "पोरी, ह्या दोघांना एका भिंतीच्या आत ठेवू नकोस."

"का हो मावशी?"

"फेब्रुवारीतले आहेत दोघे. मध्ये तीन वर्षं आहेत, पण महिना एक. महिनाभाऊ. एका दोरीला बांधलेल्या दोन घागरी. एक विहिरीत गेली की दुसरी काठावर राहत नाही."

एवान्थिया त्याच मुलखातली. महिनाभावांबद्दल तिने लहानपणी ऐकलं होतं, जसं वाईट नजरेबद्दल किंवा दुपारी झऱ्यावर जाऊ नये याबद्दल सगळेच ऐकतात. ती म्हणाली, "मावशी, खाटा दोनच रिकाम्या आहेत आणि त्या शेजारी-शेजारी आहेत. मध्ये काच आहे, पडदा ओढते."

"पडद्याला कोण विचारतंय?" हाइदो म्हणाली. पण बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि मग तिथून हललीच नाही.

दोघांना एकच प्रतिजैविक सुरू झालं. जंतू एक, घर एक, रक्त एक. उपचारही एकच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. जंतू मरायलाही लागले. पण भाऊ बरे होईनात.

लाम्ब्रोस पेटला. ताप औषधांना जुमानेना. डोळे पिवळे झाले, त्वचेखाली जांभळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शेवटी त्याच्या घशात नळी घालून श्वास यंत्रावर टाकावा लागला. जंतू आले तेव्हा जे सैन्य उठलं होतं, ते शत्रू पडल्यावरही थांबायला तयार नव्हतं. आता ते यकृत खात होतं, रक्त खात होतं. कुंपणच शेत खायला लागलं होतं.

आणि झिसिस थंड झाला.

त्याचा ताप आपोआप उतरला, तेव्हा परिचारिका स्माराग्दाने आनंदाने येऊन सांगितलं, "बाई, धाकटा सुधारला!" एवान्थियाने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. इस्पितळातली थंड त्वचा तिला माहीत होती: घामाची, भीतीची, रक्तदाब पडल्याची. ही तशी नव्हती. रिकाम्या घराची भिंत लागावी, तशी ती लागली. त्याला ऑक्सिजन अजून तेवढाच लागत होता, लघवी कमी होत होती, फुप्फुसात नवी बुरशी धरली होती, आणि शरीर त्यावर चकार शब्द काढत नव्हतं. मानेत सुई टोचून ठेवलेली, तिच्याभोवती लाली नाही. पाठीला पडलेली जखम राखेच्या रंगाची, ना सूज ना पू. लहानपणापासून प्रत्येकाच्या अंगात काही विषाणू झोपलेले असतात, जन्मभर पहाऱ्यात. झिसिसच्या अंगातले ते उठले होते आणि मालक गेलेल्या घरात फिरावं तसे मोकळे फिरत होते.

तो शुद्धीत होता. तोंडावर मास्क, डोळे अर्धे उघडे. गडबड नाही, तक्रार नाही.

"काही दुखतंय का?" एवान्थियाने विचारलं.

"नाही बाई. छान आहे." त्याने मान कलती केली. "कुणीतरी आत चालतंय."

"कुठे आत?"

"वाड्यात. मेंढ्यांच्या." त्याने डोळे मिटले. "पावलं ऐकू येतात. कुत्री भुंकत नाहीत. एवढी आठ कुत्री आणि एक भुंकत नाही."

स्माराग्दाच्या हातातला ट्रे वाजला. एवान्थियाच्या अंगावर काटा आला. कारण तिला जे वाटत होतं पण अजून सिद्ध करता येत नव्हतं, ते हा माणूस आतून पाहून सांगत होता.

तिने दोघांचं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं. पहारेकरी पेशी जाग्या आहेत की नाहीत, ते त्यांच्या अंगावरच्या एका खुणेवरून कळतं. ती चाचणी तिथे प्रोद्रोमोस करायचा. जाड भिंगांचा, कुणाशी फारसं न बोलणारा माणूस. त्या दिवशी त्याने आपण होऊन फोन केला.

"एवान्थिया, तू नळ्यांत घोळ केलायस."

"कसला घोळ?"

"ही दोन माणसं एका दुखण्याची नाहीत. एकात नुसती आग आहे. असला आकडा मी जन्मात पाहिला नाही, मशीन दोनदा धुतलं. आणि दुसऱ्यात पेशी आहेत, मोजून पुरेशा आहेत, पण एकीच्याही अंगावर खूण नाही. सगळ्या उभ्या राहून झोपल्यात. तू म्हणतेस हे सख्खे भाऊ, एका टाकीतले?"

"सख्खे भाऊ. एका टाकीतले."

"मग परत काढ रक्त. स्वतः काढ."

तिने स्वतः काढलं, स्वतः चालत नेलं आणि यंत्रापाशी उभी राहिली. पडद्यावर ठिपके उमटत गेले. लाम्ब्रोसचे सगळे एका कोपऱ्यात दाटले, झिसिसचे त्याच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात. मधली जागा पांढरी.

"देवा," प्रोद्रोमोस हळूच म्हणाला. "हे तर वाटणी केल्यासारखं दिसतंय."

"तसं बोलू नकोस."

"मी दिसतं ते बोलतो. आता काय करणार?"

करायचं काय, ते तिला माहीत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती. लाम्ब्रोसला असं औषध द्यायचं, जे आग भडकवणारा निरोप वाटेतच अडवील. झिसिसला नेमकं उलट: पहारेकऱ्यांना हाक मारून उठवणारं. एकाचं औषध दुसऱ्याला गेलं तर दोघेही संपले. आणि निदान चुकलं असेल, झिसिसच्या अंगात कुठे दबलेली ठिणगी असेल, तर तिच्यावर ती स्वतःच्या हाताने तेल ओतणार होती.

ती बाहेर बाकावर हाइदोजवळ जाऊन बसली. खिडकीबाहेर सरोवरावरून धुकं चढत होतं आणि समोरचं बेट दिसेनासं झालं होतं.

"मावशी, थोरल्याला शांत करायचंय आणि धाकट्याला उठवायचंय. औषधं दोन आहेत, वेगवेगळी. धोका आहे. तुमची परवानगी हवी."

म्हातारी तिच्याकडे वळली. "म्हणजे थोरल्याने धाकट्याचाही ताप घेतलाय."

"नाही हो. असं काही नसतं."

"लहानपणी गोवर आला होता घरात. दोघांना एकदमच यायला हवा होता. झिसिसला अंगावर एक पुळी नाही. लाम्ब्रोस मरता मरता वाचला. तेव्हाही डॉक्टर म्हणाला, असं काही नसतं." तिने रुमालाची गाठ घट्ट केली. "तू एकाचं काढून दुसऱ्याला देणार आहेस का, तेवढं सांग."

"एकाचं दुसऱ्याला काहीच जाणार नाही. प्रत्येकाला आपापलं औषध."

"आपापलं," हाइदोने तो शब्द चघळल्यासारखा म्हटला. "बरं. पण आधी लाम्ब्रोसला टोच. थोरला आहे. मान राहू दे त्याचा."

त्याच दुपारी दोन्ही औषधं सुरू झाली. लाम्ब्रोसचं शिरेतून, झिसिसचं कातडीखाली, दिवसाआड. एवान्थियाने दोन्ही वेळा नाव मोठ्याने वाचलं, स्माराग्दाकडून पुन्हा वाचून घेतलं, मग सुई लावली.

लाम्ब्रोसचा ताप उतरला. दुसऱ्या दिवशी त्याचं कपाळ माणसाच्या कपाळासारखं लागलं. रक्तातली आगही ओसरत चालल्याचं प्रोद्रोमोसने कळवलं. स्माराग्दाने बाकावर जाऊन हाइदोला कॉफी दिली. झिसिसमध्ये मात्र काही हललं नाही. दुसरी सुई झाली तरी तो तसाच थंड, तसाच शांत. एकदा तो म्हणाला, "आता तो चुलीपाशी बसलाय."

तिसऱ्या सुईच्या सकाळी लाम्ब्रोसच्या फुप्फुसात रक्त फुटलं. आग विझली होती, पण जळलेली भिंत जळलेलीच होती. एवान्थियाने आणि तिच्या माणसांनी तासभर हात थांबवले नाहीत. मग थांबवले.

काचेपलीकडे झिसिस छताकडे पाहत पडला होता. पडदा ओढलेला होता. त्याला काही दिसलं नव्हतं, कुणी काही सांगितलं नव्हतं. पण स्माराग्दा त्याच्या यंत्राकडे बोट दाखवत होती. त्याची नाडी हळूहळू उतरत होती. कारण काही नव्हतं. रक्तदाबाचं औषध वाढवलं तरी उतरत होती, जिना उतरणाऱ्या माणसासारखी, घाई न करता.

एवान्थिया हाइदोला सांगायला बाहेर आली, तर म्हातारी उभीच होती. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. झग्याच्या खिशातून तिने एक लोखंडी साखळी काढली. बोकडाच्या गळ्यातली घंटा जिला अडकवतात, तसली, कुलपाच्या कडीची.

"बसमधून उतरले तेव्हापासून जवळ आहे," ती म्हणाली. "पोरी, आता मला अडवू नकोस. जाणाऱ्याचा पाय आणि राहणाऱ्याचा पाय एकत्र बांधतात. मग परक्या रक्ताचं कुणीतरी येतं आणि सोडवतं. जो सोडवतो तो राहणाऱ्याचा भाऊ होतो, त्या गेलेल्याच्या जागी. नाही सोडवलं तर दोरी ओढली जाते. ती ओढली जातेय. तुलाही दिसतंय. तोंडावरून दिसतंय तुझ्या."

एवान्थियाने नाही म्हणायला तोंड उघडलं. तिच्या डोक्यात सगळी उत्तरं तयार होती: जंतुसंसर्ग, स्वच्छता, नियम, बाकीचे रुग्ण. पण तिच्याकडे औषध उरलं नव्हतं. जे द्यायचं होतं ते दिलं होतं. ते लागू पडायला वेळ हवा होता, आणि वेळ त्या यंत्रावर पायरी पायरीने खाली जात होता. या बाईचा एक मुलगा तिच्या हाताखाली नुकताच गेला होता.

"साखळी उकळत्या पाण्यातून काढावी लागेल," ती म्हणाली.

भर दुपार, पण धुक्यामुळे विभागातले दिवे लावलेले होते. लाम्ब्रोसची खाट चाकांवरून काचेच्या या बाजूला आणली. चादर पायावरून दूर केली. हाइदोने थोरल्याचा उजवा आणि धाकट्याचा डावा पाय जवळ आणून साखळी गुंडाळली. दोन्ही पावलं सारखी, अंगठ्याशेजारचं बोट लांब. दोन्ही सारखीच गार. कोणता पाय कुणाचा, हे एवान्थियाला क्षणभर कळेना, आणि त्या क्षणाची भीती तिच्या मनातून पुढे कधी गेली नाही.

"स्माराग्दा, तू सोडव," हाइदो म्हणाली.

स्माराग्दाने छातीवर तीनदा क्रुसाची खूण केली आणि ती मागे सरली. "मला दोन लेकरं आहेत मावशी. माझ्याच्याने नाही होणार."

मग दुसरं कुणी उरलं नव्हतं. एवान्थिया खाली वाकली. म्हातारीने विचारायचं ते तीनदा विचारलं, मुलखाच्या जुन्या बोलीत: "कोण चाललंय?" आणि एवान्थियाने, आपला आवाज आपल्यालाच ओळखू न येता, तीनदा सांगितलं, "लाम्ब्रोस चाललाय." "कोण राहतंय?" "झिसिस राहतोय." "त्याचं इथे कोण?"

"मी," एवान्थिया म्हणाली.

कडी अडकली. ओल्या लोखंडाला तिच्या हातमोज्यांची बोटं घसरत होती. साखळी दोन्ही पायांवर घासली जात होती. तिने जोर लावला आणि कडी एकदम सुटली. लाम्ब्रोसचा पाय बाजूला पडला. स्माराग्दाने त्याची खाट घाईने मागे नेली.

एवान्थिया अजून वाकलेलीच होती. झिसिसच्या घोट्यावर, लोखंड घासलं होतं तिथे, पांढऱ्या कातडीवर एक रेघ दिसत होती. ती आधी नव्हती. एवान्थिया पाहत असतानाच ती रेघ गुलाबी झाली आणि मग लाल.

तिने हातमोजा काढला आणि बोट टेकवलं. ती रेघ गरम होती. सगळं शरीर बर्फासारखं आणि तेवढी बोटभर जागा गरम.

"बाई, रक्त काढू का?" स्माराग्दाने विचारलं.

"काढ."

प्रोद्रोमोसचा फोन तासाभरात आला. "उठायला लागल्यात," तो म्हणाला. "सगळ्या नाहीत. पण उठतायत. तुझी तिसरी सुई लागली वाटतं."

"आज तिसरी दिलीच नाही," एवान्थिया म्हणाली. "वेळ झाला नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "पहिल्या दोन उशिरा लागल्या असतील. होतं तसं." आणि खरंच होतं तसं. तिने स्वतः अशी उदाहरणं पाहिली होती.

संध्याकाळपर्यंत झिसिसला ताप चढला. अंग फणफणलं, दात वाजायला लागले, पाठीची राखाडी जखम लाल होऊन सुजली आणि तिच्यात पू धरला. तो पहिल्यांदा कण्हला, पहिल्यांदा शिवी दिली. माणूस तापाने तडफडतोय आणि विभागातल्या बायका एकमेकींना मिठ्या मारतायत, असं त्या इस्पितळात कुणी पाहिलं नव्हतं. नाडी वर आली होती. हाइदोने त्याच्या कपाळावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला, आणि त्या हाताकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

महिन्याभराने झिसिस काठी टेकत घरी गेला.

चाळिसाव्या दिवसाच्या श्राद्धाला एवान्थियाला बोलावणं आलं. बोलावणं म्हणजे हाइदोने फोनवर एवढंच सांगितलं, की बहीण नसेल तर कार्य होत नाही. ती गेली. चर्चमध्ये उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे आणि साखर वाटली. गावातल्या बायकांनी तिला कुटुंबातल्या माणसांच्या रांगेत उभं केलं आणि दुखवट्याचे शब्द म्हणत एकेकीने तिचा हात हातात घेतला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

नंतर घरात, चुलीपाशी, झिसिसने तिला त्सिपुरोचा, घरी गाळलेल्या द्राक्षाच्या दारूचा, पेला भरून दिला. तो बारीक झाला होता, पण गालावर रंग होता.

"ताई, एक विचारू?" तो म्हणाला. बाई म्हणणं त्याने सोडून दिलं होतं. "तुझ्या त्या औषधाने ताप आणला ना मला?"

"औषधाने तुझ्या पेशींना जागं केलं. ताप त्यांनी आणला. तुझाच होता."

झिसिसने चुलीत एक लाकूड सारलं.

"माझा ताप मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मला ताप आला की मी गप्प पडतो. त्या रात्री मी शिव्या देत होतो, आई सांगते. आमच्या घरात तापात शिव्या देणारा एकच होता."

एवान्थियाकडे याला उत्तर होतं. पेशी, निरोप, मेंदूचा तो कोपरा. सगळं तिला पाठ होतं, आणि ते खरंही होतं. तिने पेला उचलला. मग तो तसाच खाली ठेवला.

"काय म्हणत होतो मी?" झिसिसने आईला विचारलं.

"दोनच गोष्टी," हाइदो आतून म्हणाली. ती टेबलावर चीज भरलेली भाजकी पोळी कापत होती. "एकदा म्हणालास, पाणी हिरवं नव्हतंच. आणि एकदा म्हणालास, आधी धाकट्याला बघा." तिघांसाठी तिने चार तुकडे केले, चार ताटल्यांत ठेवले, आणि चौथ्या ताटलीकडे न पाहता हाक मारली, "या बाळांनो. गार होतंय."